चार कुंड्या आणि वांग्याची चव

प्रश्न : गच्चीत चार मोठ्या कुंड्या आहेत. गेल्या हंगामात मोठी काळी वांगी लावली. दिसायला देखणी, पण खाताना कडवट आणि बियाच बिया. यंदा चवीसाठी कोणती जात लावू?

उत्तर : जातीआधी एक विचारते, वांगी तोडलीत कधी? आणखी मोठं होऊ दे म्हणून फळ झाडावर ठेवायचा मोह मलाही व्हायचा. सालीची चकाकी गेली की आतल्या बिया तपकिरी व्हायला लागतात आणि कडवटपणा वाढतो. अंगठ्यानं हलकेच दाबून बघा. खळगा भरून आला तर वांगं अजून कोवळं आहे, तसाच राहिला तर निबर झालं. पाण्याचा ताण पडला तरी फळ कडू होतं, आणि कुंडीत तो फार लवकर पडतो.

आता जात. ती स्वयंपाकावरून ठरवा. अख्खं वांगं जाळावर भाजून गर काढायचा असेल तर मोठी काळी ‘ब्लॅक ब्यूटी’ आजही चांगली. 1902 पासून लोक ती उगाच लावत नाहीत. काप करून झटपट परतणार असाल तर तैवानची ‘पिंगटुंग लाँग’ घ्या. फूटभर लांब, सडपातळ फळ, साल इतकी पातळ की सोलायची गरज नाही, बियाही थोड्या.

माझा जीव मात्र ‘रोझा बियांका’वर आहे. इटलीची जुनी जात, गोल, पांढऱ्यावर जांभळी झाक. एकदा या तिन्हींच्या चकत्या मी मीठ न लावता एकाच तव्यावर भाजल्या. काळीची साल जराशी तुरट लागली, लांबडीचा गर गोडसर पण लगेच मऊ पडणारा. रोझा बियांकाचा गर लोण्यासारखा, तरी आकार धरून राहिलेला. फळं मात्र मोजकीच येतात, आणि तिला ऊब लागते. रात्री पारा 15 अंशांखाली जात असेल तर फुलं गळतात, तेव्हा रोपं लावायची घाई नको.

लहान कुंडीसाठी ‘फेअरी टेल’ आहे. जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची बोटभर वांगी, चीर देऊन अख्खीच शिजवावीत. 2005 साली तिला ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जाती पारखणाऱ्या अमेरिकी संस्थेचा पुरस्कार मिळाला होता.

तुमच्या जागी मी दोन कुंड्यांत पिंगटुंग लावीन, एकीत फेअरी टेल, आणि सर्वांत जास्त ऊन लागणाऱ्या कुंडीत रोझा बियांका. कुंडी निदान 20 लिटरची हवी. वांगी ओढून तोडू नका, देठासकट कात्रीनं कापा.