ट्यूमर मार्कर थोडा वाढलाय, पेट स्कॅन करू का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टरताई, मी इंदूरला रामबागेत राहते, वय ५६. तीन वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, दुसरी स्टेज होती, केमो-रेडिएशन सगळं झालं, आता रोज लेट्रोझोलची (कॅन्सर परत येऊ नये म्हणून हार्मोन कमी करणारी) गोळी चालू आहे आणि तब्येत चांगली आहे. मुलानं हेल्थ चेकअपचं पॅकेज घेतलं त्यात सीए १५-३ ही ट्यूमर मार्करची, म्हणजे कॅन्सरची खूण बघणारी रक्ताची टेस्ट होती, ती ३४ आली, रिपोर्टवर ३० पर्यंत नॉर्मल लिहिलंय. मुलगा म्हणतो लगेच पेट स्कॅन, म्हणजे सगळ्या शरीरात कॅन्सर शोधणारा स्कॅन करू. माझी जाऊ तर दर तीन महिन्यांनी ही टेस्ट करते, माझ्या डॉक्टरांनी एकदाही सांगितली नाही. त्यांनी हयगय केली का?

उत्तर: ताई, अजिबात हयगय केलेली नाही, उलट ते बरोबर वागलेत. उपचार पूर्ण झालेत आणि त्रास काही नाही अशा बाईला सीए १५-३, सीईए या मार्करच्या टेस्ट नेमानं करू नका असं अमेरिकेतली कॅन्सर डॉक्टरांची संघटना आस्कोसुद्धा सांगते, कारण त्यानं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. १९९४ साली इटलीतले दोन मोठे अभ्यास आले, त्यात काही बायकांचे ठरावीक काळानं बोन स्कॅन, एक्स-रे केले आणि बाकीच्यांची नुसती डॉक्टरी तपासणी आणि मॅमोग्राफी, तरी जगण्यात फरक पडला नाही.

आता तुमचे ३४. एवढी किरकोळ वाढ लिव्हरच्या दुखण्यात, ओव्हरीच्या साध्या गाठीत होऊ शकते, आणि बी-१२ कमी होऊन ॲनिमिया झाला तरी होते, आपल्या शाकाहारी घरांत हे फार बघायला मिळतं म्हणून मुद्दाम सांगतेय. लॅब बदलली की आकडाही थोडा बदलतो. आणि उलटंही होतं, कॅन्सर परत आलेला असतो पण मार्कर नॉर्मलच, म्हणून नॉर्मल रिपोर्ट बघून कुणी निर्धास्त होऊ नये.

मुलाला सांगा, पेट स्कॅनची घाई नको. रिपोर्ट घेऊन तुमच्याच ऑन्कॉलॉजिस्टकडे जा, ते हात लावून तपासतील, लिव्हरच्या टेस्ट आणि बी-१२ बघतील, वाटलं तर काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये मार्कर परत करतील. आकडा चढतच गेला किंवा काही त्रास सापडला तर स्कॅनचं तेच ठरवतील.

तुम्ही लक्ष ठेवायचं ते शरीरावर. लेट्रोझोलनं सांधे दुखतात, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात, ते नेहमीचं आहे. पण एकाच जागी हाड दुखतंय, दिवसेंदिवस वाढतंय, रात्री त्यानं जाग येतेय, किंवा नवी गाठ, न थांबणारा खोकला, धाप, उगाच वजन उतरणं, कावीळ, सतत डोकेदुखी, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. मॅमोग्राफी दरवर्षी, ती चुकवू नका. लेट्रोझोलमुळे हाडं ठिसूळ होतात, तेव्हा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला नसेल तर त्याचंही विचारा.

जाऊबाईंचं मला माहीत नाही. कॅन्सर शरीरात पसरलेला असला तर औषध लागू पडतंय का हे बघायला मार्कर स्कॅनच्या जोडीनं खरंच कामाचा असतो, तिथेही नवीन औषधाच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत आकडा उगाच वर जाऊ शकतो. त्यांचा आजार पसरलेला नसेल तर दर तीन महिन्यांची ही टेस्ट कशासाठी, हे त्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.