एकच एक्स्टर्नल हार्ड डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हीवर कशी वापरायची? मॅकवर फाइल दिसतात, पण नवीन टाकता येत नाहीत.

डिस्क एक्सफॅटमध्ये (exFAT, डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याची एक पद्धत) फॉरमॅट करा, दोन्हीकडे चालेल. सध्या ती बहुधा एनटीएफएसमध्ये (NTFS, विंडोजची स्वतःची पद्धत) आहे. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहू देत नाही. एक्सफॅटवर दोघंही लिहितात. जुन्या फॅट३२ च्या वाटेला जाऊ नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं, म्हणून आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या. एक मात्र सांभाळा: एक्सफॅटमध्ये जर्नलिंग (बदल करण्याआधी त्यांची नोंद ठेवण्याची सोय) नसतं, त्यामुळे कॉपी चालू असताना केबल निघाली तर फाइल खराब होऊ शकते. दर वेळी इजेक्ट करूनच डिस्क काढा.