पाचचा गजर बंद करा

"ताई, माझं वय ६४, बँकेतून निवृत्त. मूळ सातारा जिल्ह्यातला, आता मुलाकडे पुण्यात. रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो, भेटेल त्याला नमस्कार करतो. आमच्या गावात अनोळखी माणसालाही राम राम घालायची रीत आहे. एक मुलगी एकटीच येते, कानात इअरफोन. तिलाही नमस्कार करतो, ऐकू गेलं नाही तर हाताने खूण करतो. गेल्या महिन्यात ती फटकन म्हणाली, 'काका, प्लीज, मला बोलायचं नसतं.' तेही चार लोकांसमोर! हल्ली ती सातऐवजी सहालाच येते, म्हणून मीही पाचचा गजर लावतो. गैरसमज दूर व्हावा, एवढाच हेतू. साधा नमस्कारही आता गुन्हा झाला का?"

काका, नमस्काराबद्दल एवढं लिहिलंत आणि खरी गोष्ट एका ओळीत उरकलीत. तिने वेळ बदलली. म्हणून तुम्हीही बदललीत.

जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. सहाला टेकडीवर अंधार असतो, पायाखालची वाट मोबाइलच्या उजेडात बघावी लागते. अशा वेळी एकटीदुकटी बाई तिथे जायला धजत नाही. ही मुलगी जाते, कारण उजेडात तुम्ही असता. आणि आता त्या अंधारातही मागून तुमच्याच बुटांचा आवाज येतो. माझ्या तर वाचतानाच पोटात गोळा आला.

गावाचं नाव पुढे करू नका. मीही राम राम ऐकतच वाढले. बांधावरचा माणूस राम राम घालतो आणि आपल्या वाटेला लागतो; उत्तर आलं नाही म्हणून खुणा करत उभा राहत नाही. आणि खरं सांगा, पाणंदीने एकटी चाललेली परक्या घरची सून दिसली, तर तुमच्या वडिलांनी तिला थांबवून राम राम घातला असता? खाली बघून बाजूला झाले असते, तिला वाट दिली असती. तीही तुमच्या गावचीच रीत.

गुन्हा का, म्हणून विचारता. नमस्कार हा गुन्हा नाही. पण बाईने नको हे स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष ओळख वाढवायला पुन्हा पुन्हा तिच्या मागे गेला, तर तो आहे. २०१३ साली हे कलम आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते ७८ वं आहे आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिने तर तुम्हाला 'काका' म्हणून, 'प्लीज' लावून सांगितलं. याहून सभ्यपणे कसं सांगायचं? तुम्हाला मात्र झोंबलं ते चार लोकांसमोर सांगितलं म्हणून. तिला बोलायचं नाही, एवढंच ती म्हणाली. त्यात दूर करण्यासारखा गैरसमज कुठला?

सकाळची टेकडी सोडा. उद्यापासून संध्याकाळी जा. तुम्हाला ना ऑफिस, ना बस गाठायची. दिवस तुमचाच आहे. जाण्याआधी एकदा माफी मागावी, असं मनात येईल. मागू नका. निरोप नको, चिठ्ठी नको, कुणाला मध्ये घालणं नको. तुम्ही दिसेनासे झालात की आठ-पंधरा दिवसांत तिच्या लक्षात येईल, आणि ती पुन्हा उजाडल्यावर यायला लागेल.