वाचकांचे प्रश्न : स्टॉक स्लॉट कार आणि लॅप टाइमची तुलना

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून, खाचेलगतच्या रुळांमधून वीज घेत पळणारी छोटी गाडी. घरच्या ट्रॅकवर अशा दोन गाड्यांचे लॅप टाइम (एका फेरीला लागणारा वेळ) ताडून पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांकडे १/३२ मापाच्या ॲनालॉग (लेनच्या व्होल्टेजवर वेग ठरणाऱ्या) गाड्या आणि प्लास्टिकचा दोन लेनचा ट्रॅक आहे. उत्तरं तेच धरून दिली आहेत.

प्रश्न : माझ्या दोन्ही गाड्या डब्यातून काढल्या तशाच आहेत. पहिलीचा सगळ्यात जलद लॅप ४.१२ सेकंदांचा, दुसरीचा ४.०३ चा. दुसरी वेगवान, असं धरू का?

उत्तर : एवढ्यावरून नका धरू. सर्वांत जलद लॅप ही एकाच फेरीची गोष्ट आहे, आणि लॅप वाढत गेले की तो आपोआप सुधारतो. एका गाडीला ४० लॅप मिळाले आणि दुसरीला १५, तर पहिलीला आधीच झुकतं माप मिळालेलं असतं.

दोन्ही गाड्यांचे २५-२५ लॅप घ्या, वेळा चढत्या क्रमाने लावा आणि तेरावा आकडा बघा. हा झाला मध्यक. गाडी वळणावर शेपूट मारून एखादा लॅप ६ सेकंदांवर गेला तरी मध्यक जागचा हलत नाही. सरासरी मात्र अशा एकाच लॅपने ०.०८ सेकंदांनी वर जाते, म्हणजे तुम्हाला दिसलेल्या फरकाच्या जवळपास सगळीच.

आता फरक किती असला की तो खरा मानायचा? तुमचे लॅप सरासरीच्या आसपास ०.१५ सेकंदांनी विखुरलेले आहेत असं धरा (हे प्रमाण विचलन कुठलीही स्प्रेडशीट काढून देते). २५ लॅपांच्या सरासरीत मग ०.०३ सेकंदांची अनिश्चितता उरते आणि दोन गाड्यांमधल्या फरकात साधारण ०.०४ ची. फरक याच्या दुपटीहून कमी असेल तर गाड्या बरोबरीच्या समजा. मध्यक थोडा जास्त डळमळतो, म्हणून त्यासाठी ही रेषा ०.१ सेकंदावर ठेवा.

आणि विखुरलेपणाचा आकडा फेकून देऊ नका. आमच्या मते स्टॉक गाडीबद्दल तोच सगळ्यात जास्त सांगतो. ४.१० चे लॅप एकामागून एक काढणारी गाडी ५० लॅपांच्या शर्यतीत त्या गाडीच्या पुढे राहते जी कधी ३.९५ तर कधी ४.४० देते. गाडी खाचेतून उडाली तर तो लॅप आणि त्यानंतरचा लॅप, दोन्ही यादीतून काढा, पण किती वेळा उडाली ते वेगळं लिहा.

प्रश्न : तीच गाडी बाहेरच्या लेनवर ०.२ सेकंद हळू पडते. लेनमध्ये दोष आहे का?

उत्तर : दोष नाही, भूमिती आहे. ट्रॅक स्वतःला ओलांडत नसेल तर त्याचा आकार कितीही वेडावाकडा असो, बाहेरची लेन आतल्या लेनपेक्षा ठरावीक अंतराने लांब असते : दोन खाचांमधलं अंतर गुणिले २π. डावी-उजवी वळणं एकमेकांना खोडतात आणि शेवटी एक पूर्ण ३६० अंशांची फेरी उरते, म्हणून असं होतं. स्केलेक्स्ट्रिकच्या ट्रॅकवर खाचा ७८ मिमी अंतरावर आहेत, म्हणजे फरक ४९ सेमी. सरासरी वेग सेकंदाला २.५ मीटर असेल तर ४९ सेमीला ०.२ सेकंद लागतात. तुमचा आकडा तंतोतंत बसतो. दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅकवर खाचांमधलं अंतर स्वतः मोजून घ्या. पुलावरून ओलांडणारा आठच्या आकाराचा ट्रॅक असेल तर दोन्ही लेन सारख्याच लांबीच्या होतात.

लांबीच्या प्रमाणात वेळ ‘दुरुस्त’ करण्याचा मोह मात्र टाळा. बाहेरच्या लेनची त्रिज्या मोठी असते आणि चुंबकाशिवाय (गाडीला रुळांकडे ओढून धरणारं चुंबक तिच्या पोटाखाली असतं) वळणावर टिकणारा वेग त्रिज्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. त्रिज्या २५ सेमीवरून ३३ सेमी झाली तर रस्ता ३२ टक्के लांबतो, पण वळणातला वेळ १५ टक्केच वाढतो. शिवाय गाडी जास्त वेगाने सरळ भागावर बाहेर पडते. हा हिशेब प्रत्येक गाडीसाठी वेगळा असतो. तेव्हा दोन्ही गाड्या दोन्ही लेनवर सारखेच लॅप पळवा आणि आतल्या लेनचा आकडा फक्त आतल्या लेनच्या आकड्याशी ताडा.

प्रश्न : शेजारच्या लेनवर दुसरी गाडी पळत असली की माझे लॅप बिघडतात. मोटर कमजोर आहे का?

उत्तर : मोटरला दोष देण्याआधी वीज तपासा. दोन्ही लेन एकाच अडॅप्टरवर असतील तर शेजारच्याने वळणाबाहेर पूर्ण ट्रिगर दाबला की त्या क्षणी तुमच्या लेनचं व्होल्टेज खाली येतं. त्याची गाडी उडाली की ते वर उसळतं, आणि नेमकी तेव्हा तुमची गाडीही उडते. वेळा मोजताना ट्रॅकवर एकच गाडी ठेवा. कायमचा उपाय हवा तर प्रत्येक लेनला वेगळा, रेग्युलेटेड (भार बदलला तरी व्होल्टेज तेच ठेवणारा) पुरवठा द्या. साध्या अडॅप्टरवर छापलेला आकडा भार असतानाचा असतो. भार कमी असला की तो त्याहून जास्त व्होल्टेज देतो.

मग मल्टीमीटर घ्या. अडॅप्टरच्या जोडणीपाशी आणि तिथून सर्वांत लांबच्या सरळ तुकड्यावर, गाडी चालू असताना व्होल्टेज मोजा. गाडी हाताने जागेवर धरून मागची चाकं ट्रॅकवर हलकेच घासू दिली की पुरेसा भार येतो. हे दोन-तीन सेकंदच करा, चाकं पूर्ण अडवू नका, नाहीतर मोटर तापेल. दोन जागांमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर रुळांचे सांधे सैल किंवा काळवंडलेले आहेत. सांध्यांच्या जिभा चिमट्याने किंचित घट्ट करा. मोठ्या ट्रॅकला दर ३-४ मीटरवर जादा तारा जोडून वीज द्या, त्याच रुळाला तीच तार. एका जागी जरी उलटी जोडली तरी शॉर्ट होतं.

हे एवढं का? कारण भार नसताना अशा मोटरचे फेरे व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात. १२ चे १३ व्होल्ट झाले की सुमारे ८ टक्के. त्यापुढे दोन स्टॉक गाड्यांमधला फरक सहज झाकला जातो. प्रत्येक चाचणीच्या नोंदीत व्होल्टेज लिहिलेलं असलंच पाहिजे.

प्रश्न : मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घेतली तर चालेल का?

उत्तर : एकेका लॅपसाठी नाही. बोटाची चूक ०.१ ते ०.२ सेकंदांची असते, म्हणजे आपण शोधतोय त्या फरकाएवढी किंवा त्याहून मोठी. दुसरं काहीच नसेल तर सलग २० लॅपांची एकच वेळ घेऊन २० ने भागा, चूकही तेवढीच वाटली जाते. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत ०.०३३ सेकंदांचा बारकावा मिळतो, २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये सुमारे ०.००४ चा, आणि तेवढा पुरे.

इन्फ्रारेड सेन्सर बसवत असाल तर तो सरळ भागाच्या मध्यावर बसवा. वळणाच्या तोंडाशी गाडीची शेपूट अजून झुलत असते. खिडकीतलं ऊन सेन्सरवर पडू देऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये किमान लॅप टाइम नेहमीच्या वेळेच्या निम्मा ठेवा, म्हणजे गाइड (गाडीच्या पुढच्या भागाखालची, खाचेत बसणारी जीभ) आणि मागचं चाक असे दोन ठोके मोजले जाणार नाहीत.

प्रश्न : ‘स्टॉक’ म्हणजे नक्की काय? तेल दिलं, टायर घासले, तर गाडी स्टॉक राहते का?

उत्तर : आमच्या लेखी स्टॉक म्हणजे भाग न बदललेली, निगा न राखलेली नव्हे. कोरडे बुश (ॲक्सल ज्यात फिरतो त्या कड्या) आणि वाकडे ब्रेड (रुळांवरून वीज घेणाऱ्या, गाइडखालच्या तारांच्या पट्ट्या) घेऊन मोजलेला लॅप त्या मॉडेलबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त त्या एका गाडीची पॅकिंगमधली अवस्था सांगतो. म्हणून पहिल्या चाचणीआधी दोन्ही गाड्यांवर हीच तयारी करा :

मोटर ३-४ व्होल्टवर, मागची चाकं उचलून, २० ते ३० मिनिटं चालवा. त्यामुळे कार्बन ब्रश कम्युटेटरच्या (ब्रशकडून वीज घेणाऱ्या, मोटरमधल्या फिरत्या गोल भागाच्या) गोलाईला बसतात. मोटरला बोट लावून बघत राहा. चटका बसायला लागला तर थांबवा. मागच्या ॲक्सलच्या दोन्ही बुशना आणि मोटरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगना सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल द्या. कम्युटेटरवर तेल जाता कामा नये. जास्तीचं तेल ॲक्सलवरून सरकत टायरवर येतं आणि मग पकड का गेली ते शोधण्यात दिवस जातो. गिअरला प्लास्टिकला चालणारं ग्रीस कणभर लावा.

ब्रेडची टोकं किंचित पिंजारा आणि खाली असे वळवा की ते रुळांना टेकतील, पण पुढची चाकं उचलली जाणार नाहीत. नव्या गाडीत ब्रेड हटकून जास्त वाकलेले असतात. मग गाइड खाचेत पूर्ण बसत नाही, गाडी पहिल्याच वळणाला उडते आणि दोष टायरवर येतो.

टायर चिकट टेपवर फिरवून साफ करा. साच्याची शिवण असली तर तीही दिसेल. टायर सँडपेपरवर गोल करून घेणं हे मात्र आम्ही स्टॉकमध्ये धरत नाही, कारण त्याने व्यास आणि चुंबकाची उंची दोन्ही बदलतात. करायचं असेल तर आधीची नोंद पूर्ण करा आणि नंतरची ‘टायर घासल्यावर’ म्हणून वेगळी ठेवा.

प्रश्न : चुंबक काढून तुलना करावी की ठेवून?

उत्तर : दोन्ही, आणि आकडे वेगवेगळे ठेवून. चुंबक असलेल्या गाड्यांचे लॅप बऱ्याच अंशी चुंबकाचेच असतात. मोटर आणि टायर मागे पडतात. चुंबकाची ओढ मोजायला हूकचा डिजिटल वजनकाटा पुरतो. ट्रॅकचा तुकडा टेबलाला घट्ट बांधा, मागच्या ॲक्सलला दोरा अडकवा, काटा सरळ वर ओढा आणि चाकं सुटतात त्या क्षणाचा आकडा टिपा. हेच प्लास्टिकच्या सपाट पृष्ठावर, रुळांशिवाय करा. दोन आकड्यांमधला फरक ही चुंबकाची ओढ. तीन-चार वेळा मोजून मधला आकडा घ्या.

ही ओढ अंतर वाढताच झपाट्याने घटते. टायरचा व्यास ०.४ मिमीने झिजला तर चुंबक ०.२ मिमी खाली येतं आणि गाडी वळणावर घट्ट बसते. दोन महिन्यांनी तीच गाडी ‘सुधारलेली’ दिसते त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. फार झिजली तर चुंबक रुळांना घासू लागतं आणि लॅप एकदम ढासळतात. रुळांचं पोलाद आणि उंची कंपनीगणिक बदलत असल्यामुळे एका ट्रॅकवरची ओढ दुसऱ्याला लावू नका.

चुंबकाशिवायची चाचणी ९-१० व्होल्टवर घ्या. पूर्ण व्होल्टेजवर स्टॉक टायर ती ताकद पेलत नाहीत आणि मोजमाप गाडीचं न राहता हाताचं होतं.

प्रश्न : एका गाडीची मोटर मिनिटाला १८,००० फेऱ्यांची आणि दुसरीची २१,५०० ची. तरी दोघींचे लॅप सारखे कसे?

उत्तर : कारण तो सर्वोच्च वेग ट्रॅकवर कधी येतच नाही. १२ व्होल्टवर १८,००० फेरे, ११ दातांचं पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक), ॲक्सलवर ३६ दातांचा गिअर, २० मिमीचं टायर असा हिशेब केला तर भाराविना वेग सेकंदाला सुमारे ५.८ मीटर निघतो. १० मीटरचा लॅप ४ सेकंदांत होतो तेव्हा सरासरी असते २.५ मीटर. घरच्या ट्रॅकवर वेळ ठरते ती वळणातून निघतानाच्या ओढीवर आणि ब्रेकवर.

प्रश्न : सकाळी मोजलेली गाडी नेहमी हरते आणि संध्याकाळी मोजलेली जिंकते. क्रम उलटवला की निकालही उलटतो!

उत्तर : तुम्ही क्रम उलटवून पाहिलात हे फार बरं केलंत, बहुतेक जण तिथपर्यंत पोहोचत नाहीत. पहिल्या गाडीने ट्रॅक झाडलेला असतो, रुळांवरची काजळी खरवडलेली असते, तुमचा हातही बसलेला असतो. हे सगळं दुसरीला फुकट मिळतं. उलट दिशेनेही एक गोष्ट घडते : मोटर तापते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे वेटोळं २५ अंशांनी तापलं की १० टक्के, आणि तेवढी ओढ कमी. म्हणून लांब चाचणीतले शेवटचे लॅप मंदावू शकतात.

आधी ट्रॅक कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने. त्यानंतर तिसऱ्याच एखाद्या गाडीने २०-३० लॅप मारून ट्रॅक बसवा. मग क्रम अ-ब-ब-अ ठेवा : अ चे १३ लॅप, ब चे १३, पुन्हा ब चे १३, पुन्हा अ चे १३. प्रत्येक वेळी पहिला लॅप सोडून १२ मोजा. दर पाळीआधी टायर टेपवर फिरवा, पाच लॅप गरम होण्यासाठी द्या, आणि दोन पाळ्यांमध्ये मोटर निवायला दहा मिनिटं. ट्रॅक हळूहळू सुधारत असेल तर तो फायदा दोघींना सारखाच वाटला जातो. अ च्या पहिल्या आणि शेवटच्या पाळीत ०.१ सेकंदाहून जास्त तफावत पडली तर त्या दिवसाचे आकडे बाद करा; ट्रॅक अजून स्थिरावलेला नाही.

प्रश्न : मित्राच्या ट्रॅकवरचे आकडे माझ्या आकड्यांशी जोडता येतील का?

उत्तर : सेकंद जोडता येणार नाहीत, गुणोत्तर काही अंशी येईल. एक गाडी संदर्भ म्हणून राखून ठेवा, तिच्यावर शर्यती खेळू नका, टायर बदलू नका. दोन्ही ट्रॅकवर दर चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी तिचे १२ लॅप घ्या. तिचा मध्यक ४.२० आणि नव्या गाडीचा ४.०७ असेल तर लिहायचं ०.९६९. दोघांची गुणोत्तरं ०.०२ च्या आत आली तर गाड्यांचा क्रम दोन्हीकडे तोच लागण्याची बरीच शक्यता आहे. जास्त फरक पडला तर आधी दोघांचं व्होल्टेज बघा, मग सरळ भागांची लांबी. लांब सरळ भाग जास्त फेऱ्यांच्या मोटरला साथ देतो, आणि वळणांची गर्दी असलेला ट्रॅक चांगल्या टायरच्या गाडीला.