कोड दुपारपर्यंत तयार, प्रोजेक्ट तरी लांबणीवर

एआय कोडिंग असिस्टंट हाताशी असताना प्रोजेक्टचं नियोजन कसं करायचं, यावरची ही निवडक पत्रं. पत्रं थोडी छाटली आहेत. नावं आणि कंपन्या गाळल्या आहेत.

प्रश्न: मी खराडीतल्या एका कंपनीत टीम लीड आहे. टीमला कोपायलट आणि क्लॉड कोड हे एआय असिस्टंट मिळाल्यापासून आमचे मॅनेजर प्रत्येक एस्टिमेट (कामाच्या वेळेचा अंदाज) थेट निम्मं करतात. क्लायंटलाही तसंच सांगून झालंय. विरोध केला की 'तुम्हाला एआय नीट वापरता येत नाही' हे ऐकावं लागतं. काय उत्तर द्यावं?

निम्म्याचा आकडा अगदीच हवेतून आलेला नाही. कोपायलट नवा असताना गिटहबने एक प्रयोग केला होता. जावास्क्रिप्टमध्ये छोटा वेब सर्व्हर लिहायचा होता आणि कोपायलट वापरणाऱ्यांनी तो इतरांपेक्षा सुमारे ५६ टक्के कमी वेळात लिहिला. पण ते काम कोऱ्या पाटीवरचं होतं. तिथे ना जुना कोड होता, ना क्लायंट, ना चार टीमच्या परवानग्या.

आता दुसरा प्रयोग मॅनेजरांसमोर ठेवा. एमईटीआर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच, वर्षानुवर्षं सांभाळलेल्या प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली. काही कामांत एआयची मुभा होती, काहींत बंदी. मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत पुढेच आहे. काम सुरू होण्याआधी ही मंडळी २४ टक्के वेळ वाचेल म्हणत होती, आणि सगळं संपल्यावरही २० टक्के वाचला असंच त्यांना वाटत होतं. त्यानंतर साधनं सुधारली आहेत, तेव्हा १९ हा आकडा घेऊन भांडायला जाऊ नका. पण रोज हेच काम करणाऱ्यांनाही आपला वेग नुसत्या अंदाजाने कळला नाही, हे मात्र जरूर सांगा.

म्हणून मोजा. पुढचे दोन-तीन स्प्रिंट (कामाचे ठरावीक आठवड्यांचे टप्पे) प्रत्येक तिकिटाचा, म्हणजे नोंदवलेल्या कामाचा, वेळ तोडून लिहा: समजून घेणं, लिहिणं, रिव्ह्यू, टेस्टिंग आणि कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणं. समजा, दहा दिवसांच्या तिकिटात प्रत्यक्ष लिहिण्याचे तीनच दिवस निघाले. असिस्टंटने ते निम्मे केले तरी वाचला दीड दिवस. साडेआठ दिवस तरीही लागणारच.

शिवाय सगळी कामं एका मापाची नसतात. साध्या नोंदणीचे स्क्रीन, एकदाच चालवायच्या स्क्रिप्ट, लॉग चाळणं, टेस्टचा सांगाडा यांचं एस्टिमेट खरंच निम्मं करा, कधी त्याहूनही कमी. दहा वर्षं जुन्या मॉड्यूलमधला, फक्त महिनाअखेरीला दिसणारा बग असेल तर एक तासही कापू नका. आणि रिव्ह्यूसाठी वेगळी ओळ धरा. लिहिणाऱ्याचा वेग वाढला की पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी पाठवलेले कोडमधले बदल) फुगतात, त्या वाचणारा सीनियर मात्र एकच असतो. मॅनेजरांना एवढंच विचारा: निम्मं करूया, पण कोणता भाग?

प्रश्न: आम्ही दोघे मित्र इचलकरंजीत कापड आणि तयार कपड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करतोय. पहिल्या आठवड्यात लॉगिन, स्क्रीन, बिल छापणं, सगळं झालं. त्यानंतर दोन महिने गेले. एक चूक दुरुस्त करायला सांगितली की दुसरीकडे काहीतरी मोडतं. आधी प्लॅन लिहायला हवा होता का? तो कसा लिहायचा?

हवा होता, आणि अजूनही लिहिता येईल. चाळीस पानं नकोत. पण तुमच्या धंद्यात जे नियम व्यापाऱ्याच्या डोक्यात असतात ते कागदावर यायलाच हवेत, कारण तुम्ही सांगितलं नाही तिथे असिस्टंट थांबून विचारेलच असं नाही. तो एखादं बरं दिसणारं उत्तर धरून पुढे जातो.

जीएसटीचंच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, ५ आणि १८ उरले. त्याआधीच्या माहितीवर शिकलेलं मॉडेल निमूटपणे १२ लिहून मोकळं होतं. तयार कपड्यांत आणखी एक मेख आहे. दर नगाच्या किमतीवर ठरतो: २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. आधी ही मर्यादा १,००० होती. म्हणजे दर कोडमध्ये लिहायचाच नाही. तो टेबलमध्ये, 'या तारखेपासून' या रकान्यासह हवा. ऑगस्टच्या बिलातला माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट कोणत्या दराने? सूट दिल्यावर नग मर्यादेच्या खाली आला तर? ही उत्तरं सीएंना विचारून एकेका ओळीत लिहून ठेवा. हा तुमचा प्लॅन. त्यातला बराचसा भाग लिहायला कॉम्प्युटरही लागत नाही.

बिलाच्या नंबरचंही तसंच. नियमाप्रमाणे तो आर्थिक वर्षात क्रमाने चालणारा, पुन्हा न येणारा आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. मोघम सांगितलं तर असिस्टंट बहुधा 'शेवटचा नंबर अधिक एक' असं लिहितो. एका काउंटरवर ते चालतं. दिवाळीच्या गर्दीत दोन काउंटर एकाच क्षणी बिल करतात तेव्हा एकाच नंबरची दोन बिलं निघतात. रकमा रुपयांच्या दशांश अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवायचे, सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगवेगळे राउंड करायचे की एकत्र, हेही आधीच ठरवा. नाहीतर महिनाअखेरीला दोन-दोन पैशांचा फरक शोधत बसाल.

आता पद्धत. असिस्टंटला सुरुवातीलाच सांगा: कोड लिहू नकोस, आधी तुला पडलेले प्रश्न विचार. क्लॉड कोडमध्ये त्यासाठी प्लॅन मोडच आहे. बाकी साधनांत हे साध्या सूचनेनेही जमतं. प्रश्नोत्तरांतून निघालेले नियम प्रोजेक्टमध्येच एका फाइलमध्ये ठेवा. चॅटमध्ये राहिलेला निर्णय पुढच्या सेशनमध्ये त्याच्यापुरता नसल्यातच जमा. मग कामाचे तुकडे पाडा, पण 'डेटाबेस', 'स्क्रीन', 'रिपोर्ट' असे आडवे नकोत. एका वस्तूचं एक रोखीचं बिल सुरुवातीपासून छपाईपर्यंत, हा पहिला तुकडा. उधारी दुसरा. माल परत तिसरा. प्रत्येक तुकड्यानंतर चालवून पाहा, कमिट करा (झालेला बदल नोंदवून ठेवा) आणि पुढच्यासाठी नवं सेशन उघडा. लांबलेल्या सेशनमध्ये आधीच्या फसलेल्या प्रयत्नांचा कचराही त्याच्यासमोर असतो, आणि तो त्यातूनच उचलतो.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे व्यापाऱ्याकडची खरी बिलं. वीस-पंचवीस घ्या, त्यात अडचणीची निवडून घ्या, ग्राहकांची नावं बदला आणि आकडे हाताने तपासून टेस्टमध्ये घाला. हे आकडे असिस्टंटने बदलायचे नाहीत, असं नियमांच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहा. टेस्ट पास होत नसेल तर टेस्टच 'सुधारण्याचा' मोह त्याला होतो, म्हणून कमिटमधला फरकही स्वतः वाचा.

आज काय करायचं? नवीन फीचर थांबवा. स्क्रीन ठेवा, हिशोबाचा भाग टाकून द्या आणि वरच्या क्रमाने पुन्हा लिहा. दोन महिन्यांचं काम टाकायला जीवावर येईल, पण तो कोड पुन्हा लिहायला दोन महिने लागणार नाहीत. एवढा तरी फायदा या साधनांचा घ्यायचाच.

प्रश्न: आम्ही नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. चौघांचा ग्रुप, प्रत्येकाचा आपापला असिस्टंट. सगळ्यांचे भाग वेगवेगळे चालतात, एकत्र केले की नाही. कामाची वाटणी कशी करायची?

वाटणीच्या आधी चौघांनी एका टेबलाशी बसून डेटाबेसची टेबलं आणि एपीआय ठरवा: कोणती विनंती, काय पाठवायचं, काय परत येईल. ती फाइल चारही असिस्टंटना सारखीच द्या आणि ती बदलायचा अधिकार एकाकडेच ठेवा. एकत्र करणं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, रोज करा. आणि व्हायव्हाची तयारी म्हणून एकाचा कोड दुसऱ्याने समजावून सांगायचा. तिथे असिस्टंट शेजारी बसणार नाही.

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मधलं आहे. लिहिणारे गृहस्थ आता नाहीत. एका व्हेंडरने 'एआय वापरून चार महिन्यांत नवीन करून देतो' असं सांगितलंय. विश्वास ठेवावा का?

कोडचं भाषांतर चार महिन्यांत होईलही. पण सॉफ्टवेअर बदलणं हे काम त्याहून मोठं आहे, आणि व्हेंडरच्या प्लॅनमध्ये ते दिसतं का एवढंच तुम्ही पाहा.

व्हिज्युअल बेसिक ६ चा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट २००८ मध्येच संपला, तेव्हा बदल करायला हवा यात वाद नाही. असिस्टंटचा इथे खरा उपयोग जुना कोड वाचून घेण्यासाठी आहे. व्याज कुठे आणि कसं काढलं जातं, लीप वर्षात ३६५ धरलेत की ३६६, मुदतीपूर्वी ठेव मोडली तर काय, दंडव्याज कशावर? या नियमांची यादी काढून घ्या आणि तुमच्या सर्वांत जुन्या क्लार्ककडून ती तपासून घ्या. कोडमधल्या काही 'चुका' या एखाद्या वर्षी संचालक मंडळाने केलेल्या ठरावामुळे मुद्दाम घातलेल्या असू शकतात. ते त्या माणसालाच माहीत असतं.

प्लॅनमध्ये हमखास राहून जाणारं काम म्हणजे मराठी नावं. इतक्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतांऐवजी एखाद्या जुन्या फॉन्टच्या संकेतांत साठवलेली असण्याची दाट शक्यता आहे. ती बदलताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. सभासदांची नावं माणसाने नजरेखालून घालावी लागतील, त्याचे दिवस वेगळे धरा.

दुसरं, जुनं आणि नवं सॉफ्टवेअर काही काळ बरोबर चालवा आणि शिल्लक पैशापर्यंत जुळते का पाहा. त्या काळात ३१ मार्च यायलाच हवा. जुनं बंद करण्याची तारीख त्यानंतरची. चार महिन्यांत हे बसत नसेल तर तो प्लॅन अर्धा आहे.

आणि सभासदांची खरी माहिती कुठल्याही एआय साधनात घालू द्यायची नाही, हे करारात लिहून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. चाचणीसाठी बनावट सभासद तयार करता येतात, आणि त्यात असिस्टंट चांगलाच कामाचा आहे. चालू डेटाबेसचा पासवर्डही त्याच्या हाती नको. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एआय एजंटने बदल करू नकोस असं बजावलेलं असतानाही एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला होता. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली.

प्रश्न: मी ठाण्यात दंतवैद्य आहे. प्रोग्रॅमिंग येत नाही, पण एआयला सांगत सांगत अपॉइंटमेंटचं ॲप बनवलं. छान चालतंय. आता पेशंटना लिंक द्यावी म्हणतो.

स्वतःच्या आणि रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर खुशाल वापरा. लिंक मात्र देऊ नका. कोड न वाचता नुसतं सांगत जाण्याच्या या पद्धतीला 'व्हाइब कोडिंग' हे नाव देणारे एआय संशोधक आंद्रेई कार्पाथीही फेब्रुवारी २०२५ मध्ये ती शनिवार-रविवारच्या, टाकून देण्याजोग्या प्रोजेक्टसाठी बरी, असंच म्हणाले होते. पेशंटचे फोन नंबर आणि उपचारांच्या नोंदी त्यात येत नाहीत. द्यायचीच असेल तर एखाद्या जाणकाराला पैसे देऊन आधी एवढं तपासून घ्या: लिंकमधला नंबर बदलला की दुसऱ्या पेशंटची माहिती दिसते का?

प्रश्न: प्लॅन आणि सूचना मराठीत लिहिल्या तर चालतात का?

चालतात. देवनागरीला टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) जास्त लागतात, म्हणून तेवढ्याच मजकुराचा खर्च इंग्रजीपेक्षा वाढतो. पण मोडक्या इंग्रजीतल्या संदिग्ध नियमापेक्षा स्वच्छ मराठीतला नियम केव्हाही स्वस्त पडतो. फक्त उचल, कसर, येणे बाकी, जमा-नावे अशा शब्दांसाठी कोडमध्ये कोणतं नाव वापरायचं याची यादी पहिल्याच दिवशी करून ठेवा. नाहीतर एकाच रकमेला तीन फाइलमध्ये तीन नावं पडतात.