पुढच्या डिस्कचा पाईप बाहेरून चांगला दिसतोय, तरी बदलायचा का?

प्रश्न : माझी पल्सर २००७ची आहे, पुढे डिस्क. सिंहगड उतरताना लिव्हर पार हँडलला टेकते आणि आता सपाट रस्त्यावर पण मऊ लागते. ब्रेक सोडला तरी पुढचं चाक लगेच मोकळं होत नाही. पॅड नवीन टाकून झाले, फरक शून्य. गॅरेजवाले म्हणतात पाईप बदला, पण पाईप तर बाहेरून चांगला दिसतोय. घरी बदलता येईल का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : कंपनीचाच पाईप असेल तर एवढ्या वर्षांनी तो बदलायलाच हवा, बाहेरून कसाही दिसो. रबर आतून फुगतं, मग लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइल जोरात खाली जातं पण परत यायला वाट राहत नाही आणि पॅड डिस्कला चिकटून राहतात.

तरी आधी खात्री करा, उगाच खर्च नको. चाक अडकलेलं असतानाच मास्टर सिलेंडरवरचा (हँडलवर लिव्हरपाशी ऑइल ढकलणारा भाग) बँजो बोल्ट, म्हणजे पाईप जोडणारा पोकळ बोल्ट, किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलेंडरचा, त्यातलं ऑइल परत यायचं बारीक भोक चोंदलंय. नाही सुटलं तर बोल्ट आवळून खाली कॅलिपरचा (चाकापाशी पॅड दाबणारा भाग) हवा काढायचा निपल उघडा, आता सुटलं तर पाईपच. आणि तरीही नाही सुटलं तर कॅलिपरचा पिस्टन जाम आहे, पाईप बदलून काही होणार नाही. हे करताना पेट्रोलच्या टाकीवर जाड फडकं टाका आणि पाणी जवळ ठेवा, ब्रेक ऑइल रंग खातं.

घाटातलं मऊ पडणं मात्र बरेचदा ऑइलमुळे असतं. ते हवेतलं पाणी शोषतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तेच १५५च्या आसपास उकळू शकतं, मग पाईपमध्ये वाफ होते आणि लिव्हर रिकामी जाते. दोन वर्षांत एकदा बदलाच. डॉट ३ की ४ ते हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, आणि डॉट ५ अजिबात नको, ते सिलिकॉनचं असतं.

पाईप नाना पेठेत मिळेल, जुना सोबत न्या म्हणजे लांबी आणि टोकाचा कोन जुळवता येतो. जाळीचा स्टीलवाला घेतलात तर लिव्हर जास्त कडक लागते, पण रोजच्या वापराला कंपनीचा रबरी पाईप पुरेसा आहे, माझं मत विचाराल तर तोच घ्या आणि उरलेल्या पैशात कॅलिपरचे सील बदला. तांब्याचे वायसर मात्र प्रत्येक बँजोला दोन, चारही नवीनच. जुने दबलेले असतात, परत लावले की गळतात, आणि गळती थांबवायला लोक बोल्ट एवढा आवळतात की आटेच जातात.

घरी करता येतं, फक्त हवा काढताना घाई नको. निपलला पारदर्शक नळी लावा, लिव्हर दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा, आणि टाकी रिकामी होऊ देऊ नका नाहीतर परत पहिल्यापासून. बुडबुडे थांबले तरी लिव्हर मऊच असेल तर ती रात्रभर बांधून ठेवा आणि सकाळी पुन्हा हवा काढा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाईप ताणला जात नाही ना बघा, मग लिव्हर जोरात दाबून धरत दोन्ही जोडांवर कोरडा टिश्यू फिरवा. जरा जरी ओला झाला तर गाडी सोसायटीच्या गेटबाहेर काढायची नाही.