ट्यूब अँपच्या क्लीन चॅनलमधून नैसर्गिक ओव्हरड्राइव्ह कसा काढावा?

तुमच्याकडे दोन ईएल८४ ट्यूबांचा, १५ वॅटचा, दोन चॅनलांचा गिटार अँप आहे. त्याचा लीड चॅनल तुम्हाला डब्यात माशा कोंडल्यासारखा वाटतो, क्लीन चॅनलचा स्वर मात्र मनापासून आवडतो. पण त्या स्वराला थोडी धार, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, यावी म्हणून व्हॉल्यूम सहाच्या पुढे नेला की पर्वरीतल्या फ्लॅटच्या खिडक्या थरथरतात आणि शेजारी दार ठोठावतात. क्लीन चॅनलला वेगळा मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज ठरवणारा नॉब) नाही, इफेक्ट्स लूप (सिग्नलच्या वाटेत मध्येच पेडल जोडायची जागा) आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. मी गोव्यात म्हार्दोळला राहतो, लग्नांत आणि फेस्तांत (चर्चच्या उत्सवांत) गिटार वाजवतो आणि बरीच वर्षे ट्यूब अँपच वापरत आलो आहे. तुम्हाला हवा असलेला आवाज त्याच चॅनलमध्ये आहे आणि अँप न उघडता तो बाहेर काढता येतो. मात्र त्यासाठी अँपमधला कोणता टप्पा आधी दमतो हे ओळखून त्याच्यावर बेताचा भार टाकावा लागतो.

आमच्या घरात भजनाची परंपरा असल्यामुळे मला ही गोष्ट समजली ती तंबोऱ्यावरून. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवत गेले की एका जागी जवारी लागते, मूळ स्वर तोच राहतो आणि त्याच्याभोवती उपस्वरांचे वलय उभे राहते. त्या जागेच्या अलीकडे स्वर मुका असतो, पलीकडे नुसती खरखर असते. ट्यूबचेही तसेच आहे. प्रीअँपमधल्या, म्हणजे अँपच्या सुरुवातीच्या भागातल्या, १२एएक्स७ ट्यूबला झेपेल एवढाच सिग्नल दिला तर ती त्याची जशीच्या तशी मोठी प्रत काढते. सिग्नल तिच्या सीमेवर आला की लहरीची टोके हळूहळू दबू लागतात, आणि वरची व खालची टोके सारखी दबत नसल्यामुळे वरच्या सप्तकातला तोच स्वर मूळ स्वरात मिसळतो. शेवटच्या दोन पॉवर ट्यूबा, म्हणजे तुमच्या ईएल८४, जोडीने, एकमेकींच्या उलट दिशेने काम करतात. तिथे सम क्रमांकांचे उपस्वर एकमेकांना खोडून टाकतात आणि विषम क्रमांकांचे उरतात, म्हणून तिथला ओव्हरड्राइव्ह जास्त भरदार आणि किंचित खरबरीत लागतो. कान ज्याला नैसर्गिक म्हणतो तो आवाज बहुधा या दोहोंचा मिलाफ असतो, आणि त्याची खूण एकच: तार हलकेच छेडली तर स्वर स्वच्छ यावा, जोराने छेडली तर त्याला धार चढावी.

तुमच्या लीड चॅनलला ही खूण लागू पडत नाही, कारण तिथे सहसा तीन-चार गेन स्टेज (सिग्नल वाढवणारे टप्पे) एकामागून एक जोडलेल्या असतात आणि आधीच्या स्टेजने चेपलेली लहर पुढची स्टेज पुन्हा चेपते. मग प्लेक्ट्रम हलका लागो की जोराचा, बाहेर जवळपास एकच आवाज येतो. क्लीन चॅनलमध्ये बहुधा दोनच स्टेज असतात. तिथे प्रीअँप दमण्याआधी फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबांच्या जोडीला उलटसुलट सिग्नल देणारा टप्पा) आणि पॉवर ट्यूबा दमतात, आणि त्या दमेपर्यंत अँप पूर्ण ताकदीने गर्जत असतो. याहून लहान अँप घ्या, असा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. मला तो पटत नाही. आवाज कानाला निम्मा वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापटीने कमी करावी लागते, म्हणजे १५ वॅटच्या जागी दीड वॅट. ५ वॅटचा अँपही फ्लॅटमध्ये भिंती दणाणून सोडतो.

म्हणून घरी पॉवर ट्यूबांच्या मागे न लागता क्लीन चॅनलची दुसरी स्टेज दमवावी आणि तिच्यानंतर आवाज कमी करावा, असे मी सांगेन. यासाठी तुमचा इफेक्ट्स लूप कामाचा आहे. बहुतेक अँपमध्ये लूप क्लीन व्हॉल्यूमच्या नंतर आणि फेज इन्व्हर्टरच्या आधी असतो. लूपच्या सेंड आणि रिटर्न या दोन जॅकांच्या मध्ये एक साधे व्हॉल्यूम पेडल लावले, शक्यतो २५ किलोओहमचे, की तुमच्या चॅनलला नसलेला मास्टर व्हॉल्यूम मिळतो. लूप समांतर जातीचा असेल, म्हणजे त्याला मिक्सचा नॉब असेल, तर तो नॉब पूर्ण फिरवावा लागतो. नाहीतर अर्धा सिग्नल पेडलला वळसा घालून पुढे जातो. आणखी एक काळजी घ्यावी. काही लूप ट्यूबऐवजी चिपवर चालतात, आणि फार मोठा सिग्नल मिळाला तर चिपच आधी फाटते. तो आवाज काच घासल्यासारखा कोरडा असतो; तसे ऐकू आले तर क्लीन व्हॉल्यूम थोडा मागे घ्यावा.

एवढे झाले की नॉबकडे वळा. बहुतेक गिटारवादक इथेच चुकतात, आणि मीही पुष्कळ वर्षे चुकत होतो. अमेरिकन धाटणीच्या क्लीन चॅनलमध्ये बास, मिड आणि ट्रेबलचे नॉब पहिल्या स्टेजनंतर आणि व्हॉल्यूमच्या आधी येतात, म्हणजे दुसऱ्या स्टेजवर काय आदळणार हे तेच ठरवतात. खालच्या स्वरांच्या लहरी आकाराने सर्वांत मोठ्या असतात. बास सहावर ठेवून व्हॉल्यूम वाढवला तर ट्यूबची सारी ताकद त्या लहरींनाच पुरवावी लागते, आणि जाड ई तार छेडली की ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा फतफतीत आवाज येतो. एकदा दुपारी मी अँप स्टुलावर ठेवला, तीच एक तार पुन्हा पुन्हा छेडत राहिलो आणि बासचा नॉब सहावरून थोडा थोडा खाली आणत गेलो. चारवर स्वराची सुरुवात मोकळी झाली, अडीचवर त्याची शेपटी ऐकू यायला लागली, आणि दोनच्या जरा खाली गेल्यावर स्वर किरटा झाला. तेव्हापासून ओव्हरड्राइव्हसाठी माझा बास दोन ते अडीचवर असतो. मिडचे उलट आहे. हे नॉब बराच सिग्नल वाटेतच गिळतात; मिड पूर्ण उघडला की त्यातला काही भाग परत मिळतो, आणि पेडलवर एक पैसाही खर्च न करता गेन वाढतो. चॅनलवर ब्राइट स्विच (वरचे स्वर उजळणारा) असेल तर तो बंद ठेवावा. व्हॉल्यूम पूर्ण उघडला असेल तर त्याने फारसा फरक पडत नाही, पण अर्ध्यावर असताना धार कानाला टोचते.

यानंतरही सिग्नल कमी पडेल, कारण दोन स्टेजना गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल सहसा अपुरा असतो. तिथे इनपुटच्या आधी बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारे पेडल, लागतो. ही युक्ती जुनी आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये डॅलस रेंजमास्टर नावाचा एका जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा ट्रेबल बूस्टर निघाला; गिटारवादक रोरी गॅलाघर तो व्हॉक्स एसी३० अँपच्या पुढे लावत असे, आणि क्वीनच्या ब्रायन मेच्या आवाजातही एसी३० पुढचा ट्रेबल बूस्टर आहेच. एसी३० मध्ये चार ईएल८४ असतात. तुमच्या अँपमध्ये त्याच जातीच्या दोन आहेत, म्हणून हे उदाहरण तुमच्या फार जवळचे आहे. त्या बूस्टरचे मर्म त्याच्या नावातच आहे: तो वरचे स्वर वाढवतो आणि खालचे मागे ठेवतो, म्हणजे बास नॉबबद्दल वर सांगितले तेच काम अँपच्या दाराबाहेर करतो. आयबानेझच्या हिरव्या ट्यूब स्क्रीमर पेडलमध्येही सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना कमी गेन मिळतो. त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवली की तो चांगला बूस्टर होतो. तरी तुम्ही एकच वस्तू घेणार असाल तर मी ग्राफिक इक्वलायझरचे (खालचे-वरचे स्वर वेगवेगळ्या सरकत्या पट्ट्यांनी कमी-जास्त करणारे) पेडल सुचवेन. त्यात १०० हर्ट्झची पट्टी खाली, ८०० हर्ट्झची थोडी वर आणि लेव्हल ८–१० डेसिबल वर ठेवा. ट्यूबवर नेमके काय आदळते हे त्यात डोळ्यांना दिसते, आणि तुमच्या गिटारला काय हवे ते तासाभरात कळते.

हे सारे गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवून लावावे आणि मग तो सहा-सातवर आणून वाजवावे. त्या नॉबच्या फिरण्यात स्वच्छ स्वरापासून लीडपर्यंतचा सगळा पल्ला बसला पाहिजे. बसत नसेल तर बूस्टर जास्त झाला आहे. व्हॉल्यूम उतरवल्यावर आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा वाटत असेल तर गिटारच्या व्हॉल्यूमवर ट्रेबल ब्लीडचा, म्हणजे वरचे स्वर टिकवून ठेवणारा, छोटा कपॅसिटर बसवून घ्यावा. काम किरकोळ आहे, आणि क्लीन चॅनलवर त्याचा फरक कुठल्याही महागड्या ट्यूबपेक्षा मोठा पडतो. ट्यूबांचेही येथेच सांगतो: १२एएक्स७ काढून ५७५१ किंवा १२एवाय७ लावा, असे बरेच जण सुचवतात. १२एएक्स७ चा प्रवर्धनांक (सिग्नल वाढवण्याची क्षमता) १००, ५७५१ चा ७० आणि १२एवाय७ चा ४५ च्या आसपास असतो. त्या बदलाने गेन घटतो. उतावळ्या लीड चॅनलला तो मानवेल, तुमच्या क्लीन चॅनलला नाही.

मोकळ्या जागी वाजवाल तेव्हा पॉवर ट्यूबांचा ओव्हरड्राइव्हही मिळवता येईल, आणि त्यासाठी अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये ॲटेन्युएटर (स्पीकरला जाणारी शक्ती कमी करणारी पेटी) लावतात. पण त्याच्याकडून फ्लॅटमध्ये फार अपेक्षा ठेवू नका. गिटारचा सर्वसाधारण स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ९८ डेसिबलच्या आसपास वाजतो, आणि १५ वॅटमधून १२ डेसिबल कमी केले तरी जवळजवळ १ वॅट उरतोच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे, तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार रास्त आहे. १२ डेसिबलहून जास्त दाबले तर शेजारी शांत होतात, पण स्वरही विझतो, कारण कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात आणि स्पीकरचा कोनही हवा तसा हलत नाही.

ॲटेन्युएटर लावताना एक नियम कधीही मोडू नये: ट्यूब अँप भाराविना, म्हणजे स्पीकर न जोडता, चालवायचा नाही. सासष्टीतल्या एका लग्नात मांडवामागच्या अंधारात कुणाच्या तरी पायाने माझी स्पीकरची केबल निघाली. आवाज का येत नाही हे न कळून मी व्हॉल्यूम वाढवत आणि तारा छेडत राहिलो, आणि दोनेक मिनिटांत जळक्या वार्निशचा वास आला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला होता. सेकंडरीला (स्पीकरकडच्या वेटोळ्याला) भार नसला की प्रायमरीत (ट्यूबांकडच्या वेटोळ्यात) प्रचंड व्होल्टेज उसळते आणि वेटोळ्यांमधले आवरण फुटते. तो अँप मला फार प्रिय होता; ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेतला, पण पहिला स्वर परत आला नाही. आता मी सुरू करण्याआधी केबल हाताने ओढून पाहतो.

आपल्याकडचा पाऊस आणि खारी हवा यांचाही या प्रश्नाशी थेट संबंध आहे. इफेक्ट्स लूपच्या रिटर्न जॅकमध्ये एक लहान स्विच असतो. लूपमध्ये काही लावले नसेल तेव्हा सगळा सिग्नल त्या स्विचमधून जातो. जून ते सप्टेंबरच्या ओलीने त्याचे संपर्क काळवंडतात, आणि क्लीन चॅनल मरगळल्यासारखा होतो किंवा मध्येच फाटतो. आपण मात्र ट्यूबांवर संशय घेत बसतो. सेंडपासून रिटर्नपर्यंत एक छोटी केबल लावून पाहावी. स्वर उजळला तर दोष जॅकचा आहे, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने काम भागते. अँपचे आतले अंग मात्र उघडू नका. तिथे ३०० व्होल्टच्या वर डीसी असते आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहते. घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे की नाही, हेही इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, कारण तारांवर बोटे असताना ओठ माइकला लागतात आणि अर्थिंग नसेल तर झटका बसू शकतो.

ॲटेन्युएटर घेण्याचे ठरवलेत तर अँपच्या मागच्या पट्टीवर स्पीकरच्या जॅकजवळ किती ओहम लिहिले आहे ते, आणि स्पीकरच्या चुंबकावर काय छापले आहे ते, मला कळवा. ते दोन आकडे जुळल्याशिवाय कोणते मॉडेल घ्यावे हे सांगणे मला योग्य वाटत नाही.